आमची वाटचाल : ‘तुमच्याकडे घरं कमी का?’

अमेरिकेतला दलाल घर विकायला घेतो, एमएलएसमध्ये, म्हणजे दलालांच्या सामायिक घर-नोंदवहीत, नोंदवतो आणि तिथून आयडीएक्सच्या वाटेनं (एकमेकांची घरं दाखवू देणारी दलालांमधली व्यवस्था) ते इतर दलालांच्या संकेतस्थळांवर दिसू लागतं. मधली ही माहितीची नळजोडणी आमची. सुरुवात रेट्सवर केली. घरांची माहिती संगणकातून संगणकाकडे नेण्याचं 1999 सालचं मानक, टॅबनं तोडलेल्या ओळी आणि प्रत्येक एमएलएसचे रकाने वेगळ्या नावांचे. ज्यांनी ते केलंय त्यांना जास्त सांगायला नको.

मग तो प्रतिस्पर्धी आला. नाव घेत नाही. त्याच्या यादीत कायम आमच्यापेक्षा जास्त घरं. ग्राहक विचारायचे, तुमच्याकडे कमी का? आम्ही बसून पडताळलं, तर जास्तीची घरं केव्हाच विकली गेलेली! मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प, म्हणजे नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ, बघून बदललेल्या नोंदी उचलायच्या, एवढंच ते करत. पण फीडमधून, म्हणजे एमएलएसकडून येणाऱ्या माहितीतून, गळालेली नोंद ‘मी निघाले’ असं सांगायला येत नाही. त्यासाठी सगळ्या लिस्टिंग-की (प्रत्येक नोंदीची ओळखखूण) मागवून आपल्या साठ्याशी ताडाव्या लागतात आणि तिकडे नाही ती इकडून पुसावी लागते. तेही जपून. की-यादी अर्धवट आली तर निम्मा साठा उडतो, म्हणून संख्या एकदम घसरली की आमची ताडणी आपोआप थांबते आणि माणसाला उठवते. ही स्क्रिप्ट अजून चालू आहे.

पण ‘आमच्याकडे घरं जास्त’ हे विकायला सोपं. ग्राहक गळत गेले, पगार उसनवारीवर आले. टिकल्या त्या एक दलालबाई. घर कमी दिसलं तरी चालेल, पण फोन करणाऱ्याला ‘ते गेलं हो’ म्हणायची वेळ आणू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या ओळखीतूनच पुढची कामं आली.

नंतर रेसो या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची वेब एपीआय (रेट्सच्या जागी आलेली माहिती मागवायची नवी पद्धत) आली, तिच्याच डेटा डिक्शनरीमुळे, म्हणजे नावांच्या सामायिक यादीमुळे, रकान्यांची नावं जुळली. ती वर्षं बरी गेली.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांनो, माहिती निदान दर 12 तासांनी ताजी करा, या आयडीएक्सच्या नियमावर विसंबू नका. तेवढ्या वेळात घराचा सौदा होतो. आणि ‘पेंडिंग’ला (सौदा ठरलेल्या घराला) ‘अॅक्टिव्ह’च्या (अजून विक्रीला असलेल्या घरांच्या) रांगेत बसवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

त्या प्रतिस्पर्ध्याच्या माहितीपत्रकात आता पहिलाच मुद्दा ‘रोजची ताडणी’ असा आहे. वाक्यरचना आमच्या जुन्या प्रस्तावातली, स्वल्पविरामासकट.