तानसेनच्या समाधीपासून तानसेन गावापर्यंत

ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात तानसेनच्या समाधीजवळ चिंचेचे झाड आहे आणि त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असे आमच्या घरी आजीच्या पिढीपासून ऐकत आलो आहे. दिवाळीनंतरच्या एका पहाटे आम्ही चौघे मित्र तीन मोटारसायकली घेऊन तेथूनच निघालो, कारण आम्हांला नेपाळातील ज्या गावी जायचे होते त्याचेही नाव तानसेन आहे. पाल्पा जिल्ह्याच्या या मुख्य गावाचे नाव तेथील मगर जमातीच्या भाषेतून आलेले असून आपल्या गवयाशी त्याचा काही संबंध नाही. ग्वाल्हेरशी त्या परिसराचा खरा संबंध वेगळाच आहे आणि तो पाहण्यासाठीच आम्ही एवढा पल्ला गाठत होतो.

भिंडच्या पुढे चंबळ ओलांडून इटावा, कानपूर आणि रात्री लखनौ, दुसऱ्या दिवशी अयोध्येवरून गोरखपूर आणि तिसऱ्या सकाळी सोनौली, असा सीमेपर्यंतचा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा रस्ता आहे. तो बहुतेक सरळ, रुंद आणि ट्रकांनी भरलेला असल्याने त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

सोनौलीची कमान ओलांडली की बेलहिया लागते. तेथील भन्सार कार्यालयात, म्हणजे जकात कचेरीत, भारतीय गाडीला किती दिवस राहायचे त्याप्रमाणे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. आमच्या तीन गाड्यांपैकी एक मित्राच्या थोरल्या भावाच्या नावावर होती आणि गाडी नेण्यासाठी मालकाचे संमतिपत्र लागते, हे आम्ही घरून निघताना विचारून घेतले नव्हते. दादांना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी फोन केला. त्यांनी कोऱ्या कागदावर हाताने पत्र लिहून, सही करून त्याचा फोटो पाठवला आणि आम्ही तो झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. या धावपळीत पावणेतीन तास गेले. जो कोणी हा प्रवास करील त्याने गाडीचे नोंदणीपत्र, चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र आणि गाडी दुसऱ्याची असल्यास असे पत्र, या सगळ्याच्या दोन-दोन प्रती घरूनच न्याव्यात, हे मी कळकळीने सांगतो. पैशांचा हिशेब मात्र सोपा आहे, कारण १९९३ पासून भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये हा दर कायम आहे. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली आणि आम्ही भैरहवा मागे टाकले.

बुटवलपर्यंत सपाट तराई आहे. तेथे तिनाऊ नदी डोंगरातून बाहेर पडते आणि सिद्धार्थ राजमार्ग तिच्याच घळीतून वर शिरतो. सिद्धबाबा मंदिराजवळचा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. डाव्या-उजव्या बाजूंना उभे कडे, मध्ये धुळीचा पडदा आणि त्यातून कण्हत चढणारे मालट्रक अशा त्या वाटेवर आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच, एकमेकांत पुरेसे अंतर ठेवून चालत होतो. क्लचच्या वासाने माझ्या पोटात गोळा आला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवर अक्षरे आणि आकडे दोन्ही देवनागरीत असल्याने परदेशात असूनही सगळे वाचता येत होते, आणि त्या घळीत या गोष्टीने मला फार धीर दिला.

तानसेन सुमारे १,३५० मीटर उंचीवर, डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले आहे. बाजारातील काशा-पितळेच्या दुकानांत करुवा नावाचे भांडे मिळते. आपल्या झारीसारखीच बाकदार तोटी, पोट गरगरीत, खाली बैठक, आणि वजन असे की एका हाताने उचलताना मनगट वळते. दुकानदाराने त्याच्या काठावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, तेव्हा निघालेला नाद बराच वेळ टिकला. मित्राने आईसाठी एक घेतले आणि परतीच्या वाटेवर ते स्वेटरमध्ये गुंडाळून स्वतःच्या पाठपिशवीत वागवले. पहाटे श्रीनगर टेकडीवरून धवलगिरी आणि अन्नपूर्णेच्या रांगा पाहिल्या.

त्यानंतर आम्ही गाड्या लॉजवर ठेवून पायी राणीघाटाला उतरलो. नेपाळच्या राणा घराण्यातील खड्गशमशेर यांना काठमांडूच्या सत्तास्पर्धेतून दूर करून पाल्प्याला पाठवण्यात आले होते. त्यांची पत्नी तेजकुमारी १८९२ मध्ये वारली आणि तिच्या स्मरणार्थ त्यांनी काली गंडकीच्या काठी, एका प्रचंड खडकावर राणी महाल बांधला. पुढे त्यांना नेपाळ सोडावे लागले आणि ते आताच्या मध्य प्रदेशातील सागर या शहरी येऊन राहिले. त्याच सागरमध्ये १९१९ साली त्यांच्या मुलीच्या पोटी जी कन्या जन्मली, ती १९४१ मध्ये जिवाजीराव शिंद्यांशी विवाह करून आमच्या गावची महाराणी झाली. त्याच विजयाराजे. जयविलास महालाजवळून मी लहानपणापासून जात-येत आलो, पण त्या घरच्या सुनेच्या आजोळची कथा या दरीत सुरू होते, हे मला फार उशिरा कळले.

अडीच तास उतरल्यावर झाडीतून तो महाल एकदम समोर येतो. आतल्या खोल्या रिकाम्या आहेत. लाकडी खिडकीपाशी उभे राहिले की खाली नदीच दिसते आणि बाकी काही ऐकू येत नाही. ज्याने हे बांधले त्याला येथे फार काळ राहता आले नाही, या विचाराने आम्ही चौघेही बराच वेळ गप्प होतो.

मग मी खडकांवरून पाण्याजवळ गेलो. आमच्या देवघरातील शाळिग्राम ज्या गंडकीचा म्हणून आजी रोज सकाळी तुळशीपत्र वाहत असे, ती हीच. नोव्हेंबरचे पाणी करडे-हिरवे आणि इतके गार होते की ओंजळ धरवेना. बोटांच्या सांध्यांत बारीक काळी वाळू राहिली होती, ती मी तशीच राहू दिली आणि आम्ही चढणीला लागलो.