कात्रीची चोच, किटलीचं पोट

मी भंगारातल्या वस्तू जोडून शिल्पं करते. एकदा भंगाराच्या पिशवीतून एक गंजलेली मोठी कात्री निघाली. टोकं खाली करून धरली, तर समोर एक चेहराच दिसला. बोटं घालायच्या दोन कड्या म्हणजे डोळे आणि पाती म्हणजे लांब चोच. असं काही दिसलं तरी मी लगेच जोडायला बसत नाही. ती वस्तू टेबलावर येता-जाता दिसेल अशी ठेवून देते. दोन महिन्यांनी बूड गळकं झालेली ॲल्युमिनियमची किटली सहज तिच्या शेजारी ठेवली गेली, आणि किटलीची तोटी म्हणजे या पक्ष्याची मान आहे हे दिसलं.

आधी साफसफाई. कात्री रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. सकाळी गंज सुटायला लागला होता, तो तारेच्या ब्रशने घासून काढला. मग ती खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पुसून, लगेच तेलाचं बोट फिरवलं. आम्ल मागे राहिलं की लोखंड पुन्हा गंजायला वेळ लागत नाही. किटलीला हा उपाय चालत नाही, ॲल्युमिनियमला आम्ल खातं; तिला साबणाचं पाणी पुरलं. आणखी दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. जुन्या रंगाचे पोपडे कोरडे घासत नाही, कारण त्यात शिसं असू शकतं. आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला आच देत नाही. तो धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो.

जोडणीत मात्र मी घाई केली. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे साधा डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा सांधा, त्यावर बसत नाही. म्हणून एपॉक्सी हा घट्ट धरणारा गोंद घेतला आणि कात्रीच्या दोन्ही कड्या तोटीच्या तोंडाशी चिकटवून टाकल्या. वर सगळ्या पक्ष्याला निळा रंग दिला. दोन हात. सुबक दिसत होता.

पण तो मेलेला होता. चार दिवस मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग कारण कळलं. निळ्या रंगाखाली कात्री कात्री राहिली नव्हती, किटली किटली राहिली नव्हती. उरला होता नुसता एक निळा पक्षी, आणि तसे कुठेही मिळतात. पिकासोने १९४२ साली सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. ते पाहताना बैल दिसतो, त्याच वेळी सीटही दिसत राहतं, आणि सगळी गंमत या दोन्हींच्या मधे आहे. नेक चंद यांच्या चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये बाहुल्यांच्या अंगावर फुटक्या बांगड्या बसवलेल्या आहेत, त्याही बांगड्या म्हणूनच ओळखू येतात. मी वस्तूंची ओळख पुसली होती. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच.

रंग काढायचं रसायन आणलं, हातमोजे घातले आणि उघड्यावर बसून काम सुरू केलं. निळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या, तो सोलून यायला लागला. त्याबरोबर एपॉक्सीही मऊ पडलं आणि एक कडी सुटली. कडी बाजूला सरकली, पाती फाकली, चोच उघडली. आणि चोच उघडताना दोन्ही डोळे एकमेकांपासून दूर गेले. मला जागेवरून उठवेना. पक्षी दचकला होता! कात्रीची रचनाच तशी, मुठी फाकल्या की पाती फाकणार. हे भाव तिच्यात पहिल्यापासून होते आणि मी ते चिकटवून बंद केले होते.

मग एकच कडी पक्की करायची ठरवली, तीही नट-बोल्टने. तोटीच्या तोंडाजवळ सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यासारख्या हत्याराने, खूण ठोकली, नाहीतर ड्रिलचं टोक गोल पृष्ठभागावरून घसरतं. कडीच्या भोकापेक्षा मोठा पितळी वॉशर वरून लावून बोल्ट आवळला. वॉशरचं बुबुळ झालं, बोल्टचं डोकं मधली बाहुली. दुसऱ्या कडीत तसाच वॉशर बारीक तारेने टांगला. तो हलतो, म्हणून ती नजर थोडी भिरभिरती आहे.

पायांना दोन काटे घेतले, जेवणाच्या टेबलावरचे. दांड्या बुडाला बोल्टने बसवल्या, दाते पकडीने वाकवून बोटं केली. स्टेनलेस स्टील एकाच जागी पुढे-मागे वाकवलं की कडक होऊन तुटतं. माझा एक दाता असाच गेला. तो पाय तीन बोटांचाच ठेवला.

उभा केला तर पक्षी थेट चोचीवर आपटला. मग त्याला दोरीने किटलीच्या मुठीपाशी टांगलं, शेजारी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला आणि खडूने रेघ मारली. दुसऱ्या जागी टांगून दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य, आणि तो पायांच्या पुढे जात होता. किल्ली हरवलेलं एक जड कुलूप झाकणातून आत टाकून मागच्या बाजूला तारेने बांधलं. आता तो पोटात कुलूप घेऊन नीट उभा राहतो.

शेवटचं काम कात्रीच्या स्क्रूचं. फार आवळला तर चोच हलत नाही, सैल राहिला तर ती लोंबते. पाव फेरा इकडे, जरा तिकडे, असं संध्याकाळभर चाललं. मग तेलाचा एक थेंब सोडला आणि सुट्या कडीला बोटाने हलकेच ढकललं. चोच उघडली, डोळे फाकले आणि तसेच राहिले.