पुण्याहून बेंगळुरूला कमी खर्चात घरसामान कसं न्यावं

घर हलवायचं ठरलं की बहुतेक जण आधी पॅकर्स-मूव्हर्सना फोन लावतात. त्याआधी मोजपट्टी घ्या आणि घरातल्या मोठ्या वस्तू मोजा. पुणे ते बेंगळुरू रस्त्याने साधारण ८४० किलोमीटर आहे. एवढ्या पल्ल्याला भाडं ठरतं ते पलंग, गादी, सोफा, कपाट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या पाच-सहा वस्तूंवर. भांडी, कपडे, पुस्तकं कितीही असली तरी ती स्वस्तात जातात.

हिशोब असा असतो. ट्रान्सपोर्टवाला बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती करताना दोन वजनं काढतो, एक काट्यावरचं आणि एक मापावरचं. जे जास्त भरेल त्याचं भाडं लागतं. मापावरचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि १७२८ ने भागायचं. घनफूट निघतात. मग कंपनीच्या नियमाप्रमाणे दर घनफुटाला ६, ८ किंवा १० किलो धरतात. डबल बेडची ७८ × ७२ × ६ इंचांची फोमची गादी घ्या. ती १९.५ घनफूट भरते. काट्यावर २५-३० किलो असली तरी १० च्या हिशोबाने तिचं भाडं १९५ किलोचं लागतं. याउलट १८ × १२ × १२ इंचांचं पुस्तकांचं खोकं मापाने १५ किलो आणि काट्यावर २५ च्या पुढे, म्हणजे तिथे खऱ्या वजनाचेच पैसे जातात. म्हणून दर विचारताना ‘किलोला किती’ एवढंच विचारू नका, ‘घनफुटाला किती किलो धरता’ हेही विचारा. किलोचा दर कमी सांगून घनफुटाला १० धरणारा, दर थोडा जास्त सांगून ६ धरणाऱ्यापेक्षा महाग पडू शकतो.

यातूनच पहिला निर्णय निघतो: मोठं फर्निचर न्यायचं की नाही? पार्टिकल बोर्डचा पलंग किंवा वॉर्डरोब असेल तर माझं स्पष्ट मत आहे, इथेच विका. हा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो. एकदा स्क्रू काढले की भोकं सैल होतात, दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाहीत, आणि प्रवासात कोपरे फुटले तर दुरुस्ती होत नाही. सागवानी पलंग, लोखंडी कपाट, चांगल्या स्थितीतला फ्रिज न्यायला हरकत नाही. जुनी फोमची गादी तर नेऊच नका. इन्व्हर्टरची बॅटरीही जुनी असेल तर इथेच मोडीत द्या, कारण ती आडवी झाली की आम्ल सांडतं आणि शेजारचं सगळं खराब करतं.

फर्निचर सुटलं की उरतात १५-२० खोकी, दोन-तीन बॅगा, वॉशिंग मशीन, टीव्ही. एवढ्यासाठी अख्खी गाडी करू नका. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल बुकिंगने पाठवा. मात्र दर ‘गोडाऊन ते गोडाऊन’ आहे की ‘घरपोच’ ते आधी ठरवून घ्या. पुण्याकडून येणाऱ्या गाड्या बेंगळुरूत तुमकुरू रस्त्याने शिरतात, त्या बाजूला नेलमंगला आणि पीण्या लागतं. तुमचं घर व्हाइटफील्डला असेल तर ते शहराचं दुसरं टोक. गोडाऊनमधून तिथे टेम्पो, दोन हमाल आणि अर्धा दिवस हे सगळं धरूनच घरपोचच्या दराशी तुलना करा. भाड्यात वाचलेले पैसे बऱ्याचदा इथेच जातात.

फर्निचर न्यायचंच असेल तर गाडीचे दोन मार्ग आहेत. पहिला पार्ट लोड: तुमचं सामान दोन-तीन घरांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत जातं, तुम्ही व्यापलेल्या जागेचे पैसे देता. स्वस्त आहे, पण गाडी भरेपर्यंत सुटत नाही आणि दोन दिवसांचा प्रवास आठवड्यावर जाऊ शकतो. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा, वाटेत गाडी बदलणार का? मोडतोड रस्त्यावर कमी होते, एका गाडीतून दुसरीत माल टाकताना जास्त होते. त्याच गाडीतून घरापर्यंत येणार असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. उत्तर बिल्टीवर किंवा निदान मेसेजमध्ये लेखी घ्या.

दुसरा मार्ग परतीच्या गाडीचा. कर्नाटक पासिंगच्या गाड्या माल घेऊन चाकण, मार्केट यार्ड, निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत येतात आणि परतीला भाडं शोधत असतात. रिकामं जाण्यापेक्षा डिझेलपुरते पैसे मिळाले तरी त्यांना चालतात, म्हणून एकतर्फी गाडीपेक्षा ही बरीच स्वस्त पडते. वन बीएचकेचं सामान नीट रचलं तर १४ फुटी गाडीत बसतं: १४ × ६ × ६ फूट धरले तर ५०० घनफुटांच्या आसपास जागा मिळते. टू बीएचकेला १७ फुटी लागते. तारखेत दोन-तीन दिवस मागेपुढे करायची तयारी हवी. महिनाअखेर आणि शाळा सुरू होण्याआधीचे दिवस टाळा, महिन्याच्या मध्यावर आठवड्यातला मधला वार धरा. गाडी ठरली की आरसी, नॅशनल परमिट, चालकाचा परवाना आणि नंबर प्लेट यांचे फोटो घ्या. पैसे भरताना निम्मे, उतरल्यावर निम्मे. भराई-उतराई, टोल आणि मजला चढवण्याची हमाली कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या. बेंगळुरूत मोठ्या मालगाड्यांना गर्दीच्या वेळी शहरात येता येत नाही आणि सोसायट्या सामानासाठी लिफ्टची वेळ ठरवून देतात. ही वेळ चुकली की गाडी थांबल्याचे पैसे मागितले जातात.

रेल्वेचं काय? ती सगळ्यांत स्वस्त असते हे अनेकदा खरं, पण या मार्गावर मी ती पहिली निवड करणार नाही. कारण गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर सगळं अवलंबून असतं. पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेस पुण्यातच सुटते आणि हावड्यातच संपते, त्यामुळे चढवायला-उतरवायला निवांत वेळ मिळतो. बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस मात्र मुंबईहून येते. पुण्यात ती आली तेव्हा पार्सलच्या डब्यात जागा असेलच असं नाही. मग तुमचे नग पुढच्या गाडीसाठी फलाटावर पडून राहतात. उतरण्याचं स्टेशन मधलं असेल तर आणखी एक धोका: थांबा कमी असला तर माल उतरतच नाही, पुढे जातो आणि मग परत येतो. बेंगळुरू शेवटचं स्टेशन असल्याने तेवढी काळजी मिटते.

तरीही रेल्वेने पाठवायचं असेल तर ‘लगेज’ आणि ‘पार्सल’ यांतला फरक लक्षात घ्या. तिकीट असलेल्या प्रवाशाचं सामान त्याच गाडीने जातं ते लगेज. पार्सलला तिकीट लागत नाही, पण कोणत्या दिवशी चढेल याची खात्री नसते. प्रवाशाबरोबर मोफत नेता येणारं वजन स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५० आणि फर्स्ट एसीला ७० किलो आहे. चार प्रौढांचं कुटुंब स्लीपरने गेलं तर १६० किलो सामान फुकट जातं. ट्रंक मात्र १०० × ६० × २५ सेंटिमीटरच्या आत हवी, थर्ड एसीत तर ५५ × ४५ × २२.५ च्या आत. जास्तीचं सामान न नोंदवता नेताना पकडलं तर दराच्या सहापट आकारणी होते, म्हणून ते आधी लगेज ऑफिसात नोंदवा.

पार्सलसाठी खोक्यावर गोणपाट चढवून दाभणाने सुतळीने शिवा, आत प्लॅस्टिकचा थर द्या. जून ते सप्टेंबरात फलाटावर पाऊस लागतोच, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेंगळुरूतही पाऊस असतो. प्रत्येक नगावर दोन बाजूंना मार्करने ‘पुणे ते बेंगळुरू’, नाव, मोबाइल आणि ‘१/१२, २/१२’ असे क्रमांक लिहा. कागदाचं लेबल निघून जातं. मोटारसायकल पाठवताना पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी, आरसी, विमा आणि आधारच्या प्रती लागतात, आणि आरसे काढून ठेवलेले बरे. माल पोहोचल्यावर मोफत मुदतीत सोडवला नाही तर तासाच्या हिशोबाने व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं शुल्क चढतं, त्यामुळे पार्सल तुमच्या आधी बेंगळुरूला पोहोचेल असं पाठवू नका.

पुस्तकं वेगळी काढा. डाक विभागाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. म्हणजे पाच-पाच किलोचे गठ्ठे केले तर किलोला साधारण २० रुपये पडतात, आणि ते घरपोच येतात. आत पुस्तकांखेरीज काही ठेवू नका. बाकी पुस्तकं खोक्यात भरायची तर लहान खोकी घ्या आणि १५-१८ किलोवर जाऊ नका. त्याहून जड खोकं हमाल उचलत नाही, आपटतो.

यंत्रांची तयारी आदल्या दिवशी सुरू करा. फ्रिज २४ तास आधी बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्या, पोहोचल्यावर तीन-चार तास तसाच राहू द्या आणि मग चालू करा. वाटेत आडवा झाला असेल तर दिवसभर थांबा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट परत बसवल्याशिवाय ते हलवू नका. ते नसतील तर ड्रम मोकळा हिंदकळतो आणि सस्पेन्शन तुटतं. हे बोल्ट मशीन बसवताना काढलेले असतात आणि बहुतेक घरांत हरवलेले असतात. सर्व्हिस सेंटरकडून आठवडाभर आधी मागवा. खालच्या फिल्टरमधलं पाणीही काढा. टीव्ही कधीही आडवा ठेवायचा नाही. पलंगाचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा. लोणच्याची बरणी आणि तेलाचे डबे गाडीत देऊ नका. एक बरणी फुटली की शेजारच्या चार खोक्यांतले कपडे जातात.

गॅस सिलिंडर न्यायचा नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर जपून ठेवा. त्यावर बेंगळुरूत नवं कनेक्शन मिळतं. शेगडी तुमच्याकडेच राहते.

कागदांत एक गोष्ट पक्की माहीत असू द्या: वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. एखादा दलाल त्याच्या नावाने पैसे मागू लागला तर देऊ नका. सामानाची यादी करा, वर ‘वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ असं लिहून सही करा, आणि एक प्रत चालकाकडे द्या. सीलबंद नवा टीव्ही मात्र वापरलेला ठरत नाही. त्याचं बिल सोबत ठेवा.

भरपाईचं गणित आधी समजून घ्या. रस्त्याने जाणाऱ्या मालाची किंमत बिल्टीवर जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि दाव्याची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. रेल्वेत किंमत न लिहिलेल्या पार्सलला किलोमागे ५० रुपये आणि लगेजला १०० रुपये एवढीच मर्यादा आहे. किंमत जाहीर करून वरची टक्केवारी भरली तर ती वाढते. पॅकर्सच्या कोटेशनमध्ये ‘एफओव्ही’ (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवरचं शुल्क) नावाने घेतलेली टक्केवारी म्हणजे विमा नव्हे. विमा असेल तर विमा कंपनीचं नाव असलेली पॉलिसी मागा.

आणि पॅकर्स-मूव्हर्सच निवडले तर घरी येऊन सामान न बघता फोनवर दर देणाऱ्याला नकार द्या. सगळ्यांत कमी आकडा सांगून गाडी भरायची आणि वाटेत किंवा दारात ‘सामान जास्त निघालं’ म्हणत दुप्पट मागायचे, ही फसवणूक अशीच सुरू होते. वस्तूंची संख्या, मजला, गाडीचं माप आणि करासह एकूण रक्कम एकाच कागदावर घ्या. आगाऊ रक्कम कंपनीच्या खात्यावर भरा, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. सामान उतरताना यादीवर एकेका नगापुढे खूण करा, आणि काही फुटलं असेल तर पोच देण्याआधी त्याच बिल्टीवर तसा शेरा लिहा. कोरी सही करून दिलेल्या बिल्टीवर नंतर दावा उभा राहणं फार अवघड जातं.