पोरगं इंजिनिअर व्हायलंय का वायरमन?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालक मेळाव्यात हा प्रश्न ठरलेलाच: "सर, कर्ज काढून पोराला इंजिनिअरिंगला टाकलंय अन् तुम्ही त्याला एप्रिलच्या उन्हात सोलर पॅनेल मोजायला गच्चीवर चढवायलेत. पोरगं इंजिनिअर व्हायलंय का वायरमन?"

आधी थोडं वायरमन होऊ द्या की. (फायनल इयरचा प्रोजेक्ट आजकाल रिपोर्टसकट विकत मिळतो, हे पोरांनी घरी सांगितलेलं नसणार.)

पॅनेलच्या पाठीवर ३३५ वॅट छापलेलं असतं. पोरं भर दुपारी मीटर लावतात, तर २८० च्या आसपास. लगेच निकाल: "सर, माल डुप्लिकेट आहे." माल चांगला असतो. छापलेला आकडा चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनेलमधला वीज बनवणारा सेल २५ अंशांवर धरून काढलेला. आपल्या परभणी-नांदेडकडं हवाच चाळिशी गाठते, सेल पासष्टीला जातो. पंचविशीच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के पॉवर कमी, म्हणजे पंचवीस ते पासष्ट या चाळीस अंशांचे १६ टक्के गेले. हे फळ्यावरही शिकवता येतं. पण फ्रेमचा चटका बसलेलं पोरगं ते विसरत नाही.

गच्चीपेक्षा शेतात जास्त कळतं. एका शेतकऱ्याची तक्रार होती, "हिवाळ्यात सोलर पंप धो धो चालायचा. आता ऊन एवढं, तरी धार बारीक. पॅनेल बाद झालेत." पोरांनी मोजलं. करंट जवळपास ठीक, व्होल्टेज उतरलेलं. पण धार जेवढी घटली तेवढं काही उतरलेलं नव्हतं. मग एकानं दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पाणी पार तळाला! जितकं खोलवरून उचलायचं, तितकं त्याच विजेत कमी पाणी येणार. हे दगडाचं मी सांगितलं नव्हतं, याचा मला भारी आनंद झाला. शिवाय काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते, तेही पोरांनीच दाखवले. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळी पुसा, असं त्या मामांना बजावूनही आली.

तुमचा खरा प्रश्न नोकरीचा, मला माहितीय. यानं नोकरी लागतेच असं मी म्हणणार नाही. मात्र मुलाखतीत "पॅनेल वीज कमी का देतंय?" असं कुणी विचारलं, तर ही पोरं व्याख्या पाठ म्हणत नाहीत. "सावली कशाची पडते तिथं?" असं आधी उलट विचारतात.