तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पट्टी नॉर्मल होती, मग अटॅक आला कसा?’

मी ईसीजी काढतो, म्हणजे हृदयातल्या विजेची रेघ कागदाच्या पट्टीवर उतरवतो. त्यामुळे हा प्रश्न मला लिफ्टमध्येही विचारला जातो आणि तेराव्यालाही. विचारणाऱ्याच्या आवाजात प्रश्न कमी आणि ठपका जास्त असतो.

आजवर मी याला इतिहासाने उत्तर देत आलो. तो इतिहास खोटा नाही, म्हणून आधी तोच. हे यंत्र अटॅक पकडायला जन्मलेलंच नाही. १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयातली वीज पहिल्यांदा टिपली, ती काचेच्या केशनळीतल्या पाऱ्याच्या हालचालीवरून. पारा सुस्त, रेघ बोथट. लायडनच्या विलेम आइंथोव्हेनने आधी ती रेघ गणिताने दुरुस्त केली, चढउतारांना पी-क्यू-आर-एस-टी ही नावं दिली आणि मग पारा सोडून चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू ताणला. ते धूड सुमारे २७० किलोचं, चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. १९२४ चं नोबेल त्याला याचसाठी मिळालं. पण डॉक्टरांना त्यातून दिसला तो प्रामुख्याने हृदयाचा ताल. रक्तवाहिनी बंद पडल्यावर रेघ कशी वर उचलली जाते, हे डॉक्टर हॅरल्ड पार्डीने लिहिलं ते १९२० मध्ये. तारा लावायच्या छातीवरच्या सहा जागा ठरायला १९३८ उजाडलं.

हे सगळं मी एका मुलीलाही ऐकवणार होतो.

तिचे वडील संध्याकाळी छातीत जळजळतंय म्हणून आले होते. मी पट्टी काढली, डॉक्टरांनी बघितली. थांबा, थोड्या वेळाने पुन्हा काढू, रक्तही तपासू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तोवर जळजळ थांबली होती आणि कागदावर मशीनने ठळक छापलं होतं, ‘नॉर्मल’. ते त्यांनी वाचलं. “नॉर्मल म्हणजे चांगलंच ना?” मी म्हणालो, “डॉक्टर सांगतील.” ते हसले, पट्टीची प्रत मागून घेतली आणि घरी गेले. पहाटे ते वारले.

काही दिवसांनी ती मुलगी तीच प्रत घेऊन आली. “दादा, यात कुठे काही दिसतंय का, बघा ना.” मी एकेक लीड, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेली हृदयाची एकेक रेघ, पुन्हा बघितलं. काहीतरी सापडावं असंही वाटत होतं आणि देवा, सापडू नये असंही. काही नव्हतं.

“मग हा कागद होता कशाचा?”

“दहा सेकंदांचा,” मी म्हणालो.

“हे बाबांना कुणी सांगितलं नाही.”

ती गेली. इतिहास माझ्या तोंडातच राहिला.

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी भांडतो. दहा सेकंदांत बारा-एक ठोके, दिवसाचे लाखभर. बाकीच्यांचा जाब मला का? बरोबर आहे. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टरला हीच अडचण दिसली होती, म्हणून त्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या पाठीवर ३५ किलोंहून जड सामान लादून ठोके टिपले. पण त्याच्या नावाचं, अंगावर बाळगून सलग ठोके टिपणारं ‘होल्टर’ यंत्र लावतात ते मुख्यतः ताल पकडायला. त्या संध्याकाळी ते लावून काय साधलं असतं? थांबायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठून गेले ते स्वतः. हेही बरोबर. आणि यातलं काहीही त्या मुलीपुढे बोलण्यासारखं नाही.

वॉलरला स्वतःला वाटायचं की रुग्णालयात या तंत्राचा फारसा उपयोग होणार नाही. आमच्याकडे हे हसण्यावारी सांगतात. मला ना हसू येतं, ना त्याचं पटतं. याच पट्टीवरून थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात त्या खोलीत, नेलेली आणि वाचलेली माणसं मी बघितली आहेत.

हल्ली छातीत दुखतं म्हणून आलेल्यांना मी हातापायांना लावलेले मशीनचे चिमटे सोडवता सोडवता सांगतो, ही दहाच सेकंदं आहेत, दुसरी पट्टी होईपर्यंत उठायचं नाही. सोबतचे म्हणतात, घाबरवतोस लोकांना. काहीजण खरंच घाबरतात, त्यांची नाडी माझ्यासमोरच वाढते. निदान सांगणं माझं काम नाही, मान्य. पण हे निदान आहे का? डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.