ठासणीची बंदूक आणि दारूचं माप

दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. मुठीच्या अंदाजाने दारू ठासणारे मला अजिबात पटत नाहीत. काळी दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. पितळी माप भरायचं, हलक्या टिचक्या मारायच्या, वरून सपाट करायचं. टिचक्या दर वेळी सारख्याच, नाहीतर वजन बदलतं. नाशिकच्या सराफ बाजारातल्या छोट्या काट्यावर मी ते पडताळतो. परदेशातलं पायरोडेक्स, म्हणजे काळ्या दारूऐवजी वापरायची भुकटी, मात्र हलकं. ते मापानेच घ्यायचं. काळ्या दारूच्या वजनाइतकं तोललं तर बार जास्त होतो. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आत ठिणगी धुमसत असते कधीकधी. आणि काडतुसातली धूरविरहित दारू? तिचं नावही काढू नका, नळी फुटेल.