हिरव्या शाईचा कागद आणि ‘किमोची वारुई’

जपानी मालिकेत जेवणाच्या टेबलावर हिरव्या शाईत छापलेला मोठा कागद दिसला, की इकडच्या, म्हणजे जपानच्या, प्रेक्षकाला पुढचा संवाद ऐकायचीही गरज पडत नाही. तो ‘रिकोन-तोदोके’ असतो, घटस्फोटाचा अर्ज. नवराबायको दोघांची तयारी असेल तर इथे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. दोघांच्या सह्या, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या, लहान मूल असेल तर त्याच्या ताब्याची नोंद, आणि नगरपालिकेच्या खिडकीत कागद दिला की लग्न संपलं. भारतात बसून सबटायटल्स वाचणाऱ्याला वाटतं, आता कुठे वकील, तारखा, समुपदेशन सुरू होणार. प्रत्यक्षात ती शेवटची पायरी असते. त्यामुळे सही झालेला अर्ज घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि नेऊन दिलाच नाही, एवढ्याशा दृश्यावर इकडे तावातावाने बोललं जातं.

भारतातून एक प्रश्न हमखास येतो: एवढा शिस्तीचा देश, मग विवाहबाह्य संबंध, शिक्षिका आणि विद्यार्थी असल्या मालिका लोक खपवून कशा घेतात? खपवून घेत नाहीत. तक्रारी करतात, आणि भरपूर करतात. फक्त त्यांचा आक्षेप आपल्याला वाटतो त्या जागी नसतो.

आधी शब्द बघू. ‘उवाकि’ म्हणजे शब्दशः तरंगतं मन. लग्न न झालेल्या जोडीतली बेइमानीही यात येते आणि शब्द तसा हलका आहे. ‘फुरिन’ मात्र विवाहितांसाठी. त्यातल्या ‘फु’चा अर्थ नकार, ‘रिन’चा नीती, म्हणजे सरळसरळ अनीती. सबटायटल्समध्ये दोन्हींना एकच शब्द लागतो आणि अर्धं भांडण तिथेच हरवतं. ‘उवाकि होती’ म्हणणारा नवरा गुन्हा लहान करून सांगत असतो आणि बायको त्याला ‘फुरिन’ म्हणत असते. फसवल्या गेलेल्या बायकोसाठी ‘सारे-झुमा’ असा शब्द आहे. मालिकांच्या जाहिरातींत तो एखाद्या प्रकाराचं नाव असावं तसा वापरतात.

कायद्याची बाजू ठाऊक नसेल तर प्रेक्षकांच्या निम्म्या प्रतिक्रिया कळत नाहीत. व्यभिचार जपानमध्ये 1947 पर्यंत फौजदारी गुन्हा होता, आणि त्यात बायको आणि तिचा प्रियकर अडकत. नवऱ्याने बाहेर काहीही केलं तरी केवळ तेवढ्यासाठी त्याला शिक्षा नव्हती. (आपलं कलम 497 वेगळ्या तऱ्हेने एकांगी होतं, शिक्षा फक्त परपुरुषाला, ते रद्द व्हायला 2018 उजाडलं.) आता मामला दिवाणी आहे. फसवलेला जोडीदार नुकसानभरपाई, म्हणजे ‘इशार्यो’, नवऱ्याकडून मागू शकतो तशी त्याच्या प्रेयसीकडूनही मागू शकतो. सर्वसाधारण रक्कम 5 लाखांपासून 30 लाख येनपर्यंत. संबंध आणि त्यातली व्यक्ती कळल्यापासून 3 वर्षांत दावा करावा लागतो. शारीरिक संबंधाचा पुरावा लागतो, म्हणून मालिकांत खासगी गुप्तहेर आणि हॉटेलच्या दारातले फोटो एवढे दिसतात. पोस्टमन एखादं जाड पाकीट सही घेऊन देतो ते बहुतेक ‘नाइयो शोमेइ’ असतं: पत्रात काय लिहिलं होतं याची पोस्टानेच साक्ष ठेवलेली नोटीस.

यातली एक मेख फार मजेशीर आहे. संबंध सुरू होण्याआधीच लग्न मोडकळीला आलेलं असेल तर तिसऱ्या व्यक्तीवरचा दावा सहसा टिकत नाही; सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल तसा आहे. तेव्हा ‘आमच्यात आता काही उरलेलं नाही’ हे नायकाचं वाक्य आपल्याला हळवं वाटतं, पण इकडच्या प्रेक्षकाच्या कानावर ते वकिलाचं वाक्य म्हणूनही पडतं. मग ‘पुरावा दाखव’ अशा टोमण्यांचा पाऊस पडतो.

आता मुख्य गोष्ट. नातं चूक आहे हे इथल्या प्रेक्षकाने धरलेलंच असतं, त्यावर तो फारसा थांबत नाही. तो बघतो किंमत कोण मोजतंय. ज्याने चूक केली त्यानेच मोजली तर तोच प्रेक्षक ‘जुन-आइ’, शुद्ध प्रेम, म्हणायलाही तयार असतो. मोजलीच नाही तर शिव्यांची लाखोली.

2014 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये फुजी टीव्हीवर गुरुवारी रात्री 10 वाजता ‘हिरुगाओ’ लागत होती. उपशीर्षकाचा अर्थ ‘कामाच्या दिवशी दुपारी 3 चे प्रेमिक’. सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करणारी विवाहित सावा (उएतो आया) आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणारा, किड्यांत रमणारा विवाहित कितानो (साइतो ताकुमि). सुरुवात होते तीच तिने चोरलेल्या लिपस्टिकपासून. ते पाहणारी शेजारीण त्याच्या बदल्यात आपल्या भानगडींसाठी तिला साक्षीदार करते. 11 भागांच्या शेवटी दोघांना पुन्हा भेटणार नाही, संपर्क ठेवणार नाही अशा कागदावर सही करावी लागते. सावाचं लग्न मोडतं, ती एकटी पडते. पुढे 2017 च्या चित्रपटात कितानोची बायको गाडी भरधाव हाकते आणि त्यात त्याचा जीव जातो. चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्यांत दोन तट पडले, एक ‘फार क्रूर शेवट’ म्हणणारा, दुसरा ‘हेच व्हायला हवं होतं’ म्हणणारा. पण सावा आणि कितानो दोषी की नाही यावर वाद नव्हता. वाद होता तो शिक्षा किती यावर.

उलट उदाहरण त्याच 2017 सालचं, टीबीएस वाहिनीवरची ‘आनाता नो कोतो वा सोरेहोदो’, म्हणजे ‘तू मला तेवढा काही आवडत नाहीस’. नायिका भल्या नवऱ्याशी संसार करत असते, शाळेतलं पहिलं प्रेम भेटतं आणि ती आनंदाने, अपराधीपणाचा लवलेश न ठेवता त्याच्यामागे जाते. प्रेक्षक जे खवळले ते त्या हसऱ्या चेहऱ्यावर. ‘क्योकान देकिनाइ’, हिच्याशी समरस होता येत नाही, हा शेरा सौम्य वाटेल, पण जपानी प्रेक्षकाच्या हातातला तो सगळ्यात जड दगड आहे. भूमिका करणाऱ्या हारु या अभिनेत्रीने स्वतःच ब्लॉगवर हेच लिहिलं: आपल्यालाही या बाईशी समरस होता येत नाही. आपल्याकडे कलाकार ‘मी माझ्या भूमिकेच्या प्रेमात पडले’ म्हणतात. इथे उलटं म्हटल्याने अभिनेत्रीची बाजू सावरली जाते. ते सावरणं गरजेचंही असतं, कारण पात्रावरचा राग कलाकाराच्या खात्यावर काढणारे इथेही आहेत. ऑनलाइन शिवीगाळ बेसुमार वाढल्यावर 2022 च्या जुलैपासून अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैद किंवा 3 लाख येनपर्यंत दंड अशी केली.

किंमत मोजण्याची ही अपेक्षा आजची नाही. चिकामात्सु मोन्झाएमोनचं ‘सोनेझाकी शिन्जू’ हे बाहुलीनाट्य 1703 चं. दुकानातला नोकर आणि वेश्यावस्तीतली मुलगी, दोघं एकत्र जीव देतात. अशा नाटकांपायी खऱ्या आत्महत्या वाढतात म्हणून शोगुनाच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने 1723 मध्ये त्यांवर बंदी घातली. त्या शेवटाची सावली 1993 च्या ‘कोको क्योशी’वर सरळ पडलेली दिसते. नोजिमा शिन्जीने लिहिलेली, शिक्षक आणि विद्यार्थिनीच्या संबंधांची ही मालिका. मुलीचा बापच तिच्यावर अत्याचार करत असतो, ही त्यातली आणखी काळी बाजू. शेवटच्या भागाचं रेटिंग 33 टक्के. धावत्या आगगाडीत दोघं एकमेकांना टेकून, करंगळ्यांना लाल दोरा बांधून निश्चल बसलेले असतात. झोपलेत की गेलेत? तीस वर्षांनंतरही लोक यावर भांडतात. (हाही जीवशास्त्राचा शिक्षक. जपानी पटकथाकारांना त्या विषयाबद्दल काय संशय आहे कोण जाणे.)

पण तिथल्या मुलीचं वय? 1993 मध्ये हा प्रश्न बाजूला पडला होता, 2018 मध्ये पडला नाही. त्या वर्षी ऑक्टोबरात टीबीएसवर मंगळवारी रात्री 10 वाजता ‘चुगाकु सेइ-निक्की’ सुरू झाली: 25 वर्षांची शिक्षिका (आरिमुरा कासुमि), 15 वर्षांचा विद्यार्थी. पहिल्या भागापासून ‘किमोची वारुई’चा गजर. या शब्दाचा अर्थ किळसवाणं, अंगावर शहारा आणणारं. यात नैतिक निवाडा नसतो, पोटात ढवळणं असतं, आणि म्हणून त्याला युक्तिवादाने उत्तरही देता येत नाही. ‘शिक्षक पुरुष आणि विद्यार्थिनी मुलगी असती तर ही मालिका आली असती का?’ हा प्रश्न अनेकांनी विचारला, आणि तो रास्त होता.

निर्मात्यांनी काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. मुलाच्या भूमिकेत 19 वर्षांचा नवखा मुलगा घेतला, म्हणजे पडद्यावर 15 वर्षांचं शरीर दिसणारच नाही. कथेने मध्ये तीन वर्षांची उडी मारली, शेवटी आणखी पाच वर्षांची. मुलाची आई (नात्सुकावा युइ) खलनायिका न करता बरोबर असलेली बाई म्हणून उभी केली. पुष्कळ प्रौढ प्रेक्षक तिच्याच डोळ्यांनी बघत होते. हळूहळू विरोधक पांगले, तरुण चाहते वाढले. सगळ्यांचं मन वळलं असं मात्र नाही: ‘वाट पाहिली म्हणून सुरुवात माफ होत नाही’ म्हणणारे शेवटपर्यंत होते, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. मोठ्यांच्या हिशेबात ‘किंमत मोजली’ हे चालतं, पण मुलाच्या वाटची किंमत मोठ्याने कशी मोजायची? कायदा पुढे त्याच बाजूला सरकला. दंडसंहितेतलं संमतीचं वय 1907 पासून 13 होतं (प्रांतांचे 18 खालच्यांसाठीचे नियम वेगळे). 2023 च्या जुलैत ते 16 झालं.

आणि एका जागी प्रेक्षकांचा आक्षेप खरोखर पैशाला हात घालतो. 2014 च्या जानेवारीत, म्हणजे ‘हिरुगाओ’च्या सहाच महिने आधी, निप्पोन टीव्हीवर अनाथाश्रमातल्या मुलींची ‘आशिता, मामा गा इनाइ’ आली. त्यातल्या एका मुलीचं टोपणनाव ‘पोस्ट’, कारण तिला जन्मानंतर ‘बाळांच्या पोस्टपेटीत’, म्हणजे नकोशी बाळं ठेवण्याच्या खिडकीत सोडलेलं. अशी खिडकी चालवणाऱ्या कुमामोतोच्या जिकेइ रुग्णालयाने जाहीर निषेध केला: खऱ्या मुलांना शाळेत याच नावाने चिडवतील. तिसऱ्या भागापर्यंत सगळ्या प्रायोजकांनी जाहिराती काढून घेतल्या. मालिका पूर्ण झाली, पण जाहिरातींविना. त्याच वर्षी विवाहबाह्य प्रेमाची मालिका मात्र जाहिरातींसकट बिनदिक्कत चालली. पडद्याबाहेरचं एखादं दुबळं माणूस दुखावतंय का, ही इथली लक्ष्मणरेषा शय्यागृहाच्या दारापेक्षा कितीतरी ठळक आहे.

प्रेक्षक भडकलेत असं बातमीत वाचाल तेव्हा थोडं सांभाळून. ‘नेट खवळलं’ अशा मथळ्याखाली बऱ्याचदा पाच-दहा पोस्टी चिकटवलेल्या असतात. रेटिंगचंही तसंच. तोक्योभोवतीच्या कान्तो भागात 2018 मध्ये 900 घरांत मीटर होते; 6 टक्के म्हणजे 54 घरं, आणि चुकीची मर्यादा वरखाली दीड टक्क्याहून जास्त. 2020 पासून घरं 2,700 झाली. तरुण प्रेक्षक टीव्हरवर, म्हणजे चॅनेलांच्या फुकट ॲपवर, साधारण आठवडाभरात भाग बघून घेतो. घरच्यांसमोर बघायला लाज वाटणाऱ्या मालिका तिथेच फोफावतात: शरीरसंबंध थांबलेल्या दोन जोडप्यांवरची 2023 ची ‘आनाता गा शितेकुरेनाकुतेमो’ टीव्हीवर बेताची, ॲपवर तुफान. गंभीर तक्रारी बीपीओकडे, म्हणजे कार्यक्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे, जातात. एनएचके ही सार्वजनिक वाहिनी आणि खासगी वाहिन्यांनी मिळून 2003 मध्ये उभी केलेली ही संस्था. दंड करत नाही, पण आलेल्या मतांचा गोषवारा दर महिन्याला छापते. खरा सूर ऐकायचा तर तो वाचावा.

दुपारच्या मालिकांची तऱ्हा न्यारी होती. तोकाइ टीव्हीच्या दीडच्या अर्ध्या तासात 2002 साली ‘शिन्जू फुजिन’मध्ये बायकोने नवऱ्याच्या पानात भांडी घासायची तवाशी क्रोकेट, म्हणजे कटलेटसारखा तळलेला पदार्थ, म्हणून वाढली, चिरलेल्या कोबीसकट. लोक संतापले नाहीत, पोट धरून हसले. चिखल ढवळावा तशी गोष्ट, ‘दोरोदोरो’, अतिरेकाला गेली की इथला प्रेक्षक न्यायाधीशाची खुर्ची सोडून ‘त्सुक्कोमि’ करू लागतो, म्हणजे पडद्याला उलट टोले हाणतो. 1992 मध्ये टीबीएसवरच्या मालिकेतला आईवेडा नवरा ‘फुयुहिको-सान’ असाच नायिकेचं प्रेम झाकोळून टाकून घराघरात पोचला. शेवटचा भाग 34.1 टक्के.

आपल्याकडे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 ते 2021 चालली. राधिकाला गुरुनाथची खोड मोडायला साडेचार वर्षं मिळाली. इथे तीन महिने आणि दहा-अकरा भाग, त्यामुळे पाचव्या भागाला नातं उघडं पडणार, आठव्याला कागद येणार हे प्रेक्षक धरून चालतो आणि उशीर झाला की कुरकुरतो.

भारतातून बघणार असाल (टीव्हर जपानबाहेर चालत नाही, पण बऱ्याच मालिका इतर ॲपवर येतात) तर कान हाकेवर ठेवा. ‘सेन्सेइ’ म्हणणारा मुलगा नाव घेऊ लागतो, आडनावापुढचं ‘सान’ गळतं, क्रियापदांचं आदरार्थी ‘मासु’ जातं. आपल्या ‘अहो’चं ‘अरे’ व्हावं तसं. चुंबनाच्या दृश्याला गप्प राहिलेला प्रेक्षक नेमका त्या क्षणी लिहितो, ‘आता गेली ही हातची’.